पंगतीतील एका पानाचा प्रश्न

शाळेत मुलांना एकत्र बसवून जेवू घालणे ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे समाजाने केवढा पल्ला गाठला आहे याचे फारसे कोणाला स्मरण राहिलेले नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. आरंभी महाराष्ट्रात मुलांच्या हाती कोरडा तांदूळ पडत असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच दिले पाहिजे असा आदेश दिला आणि त्यानंतर शाळाशाळांतून चुली पेटल्या. २०२१ पासून ही योजना ‘प्रधानमंत्री पोषण’ या नावाने चालते. महाराष्ट्रात कोटीच्या आसपास मुले तिच्या कक्षेत येतात. ज्या समाजाने शतकानुशतके पंक्तिभेद पाळला, त्या समाजातील सर्व जातिधर्मांची मुले एका भांड्यातले अन्न मांडीला मांडी लावून खातात, ही गोष्ट खचितच अभिमानास्पद आहे.

मात्र जेथे एका भांड्यातून शेकडो मुले जेवतात, तेथे त्या भांड्याची जबाबदारीही मोठी असते. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील जेवणातून कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुले दगावली आणि सारा देश हादरला. अन्न मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकासह मोठ्या माणसांनी ते चाखून पाहावे, त्याची नोंद वहीत करावी, या नियमाकडे त्यानंतर कटाक्षाने लक्ष पुरविले जाऊ लागले. हा नियम चांगलाच आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे. जे अन्न मास्तरांना बाधत नाही ते मुलांनाही बाधणार नाही, हे ते गृहीत होय. विषबाधेच्या बाबतीत ते खरे ठरते. अन्नाच्या तीव्र ॲलर्जीच्या बाबतीत ते साफ कोसळते. तेथे अन्न ताजे असते, स्वच्छ असते, रुचकर असते. चाखणाऱ्याला काही होत नाही, पंगतीतील एकोणसाठ मुलांनाही काही होत नाही, आणि साठाव्या मुलाचा गळा दहा मिनिटांत आवळला जातो. सर्वांना सारखे लागू होणारे नियम या एका मुलाचे रक्षण करू शकत नाहीत. त्याच्यासाठी त्याच्याच नावाने केलेली नोंद लागते. ती नोंद आज आपल्या बहुतेक शाळांत नाही.

वावडे: शब्द आणि शास्त्र

मराठीला हा विकार अपरिचित नाही. ‘वावडे’ हा शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आयुर्वेदानेही एखाद्या व्यक्तीला न मानवणाऱ्या अन्नाला ‘असात्म्य’ म्हटले आहे. पण वावडे हा शब्द व्यवहारात इतका सैल झाला आहे की, कोणाला कष्टाचे वावडे असते, कोणाला हिशेबाचे. त्यामुळे ‘आमच्या मुलीला अंड्याचे वावडे आहे’ असे एखाद्या आईने शाळेत येऊन सांगितले, तर ते पोरीचे लाड आहेत असे समजून हसण्यावारी नेले जाण्याचा संभव फार. नावड, अपचन आणि जिवावर बेतणारे वावडे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतली तिसरी ओळखण्याची शिकवण शिक्षकाला कोणत्याही वर्गात मिळालेली नसते.

या विकाराचा शास्त्रीय शोध लागला तोही समुद्राच्या निमित्ताने. १९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या जहाजावर शार्ल रिशे व पॉल पोर्तिए हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ सागरी जीवांच्या विषाचा अभ्यास करीत होते. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी समुद्रफुलाचे विष अल्प प्रमाणात कुत्र्यांना टोचून पाहिले. पहिली मात्रा पचविलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी तेच विष आणखी थोड्या प्रमाणात दिले, तेव्हा त्याची सहनशक्ती वाढलेली असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो काही मिनिटांतच मेला. शरीराने संरक्षण शिकण्याऐवजी त्याच्या नेमके उलट काही तरी शिकले होते. या प्रकाराला त्यांनी १९०२ मध्ये ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले व १९१३ चे नोबेल पारितोषिक रिशे यांना मिळाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडविला. या प्रतिक्रियेस कारण होणारा रक्तातील ‘आयजीई’ हा घटक ओळखला जाण्यास मात्र १९६० नंतरच्या दशकातील अखेरची वर्षे उजाडावी लागली.

घडते ते असे. एखाद्या पदार्थातील प्रथिनाला शरीर शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध हे घटक तयार करून ठेवते. तोच पदार्थ पुन्हा पोटात गेला की शरीरभर विखुरलेल्या विशिष्ट पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिनादी द्रव्ये एकाएकी रक्तात सोडतात. ओठांना व जिभेला मुंग्या येतात, अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलट्या होतात. हे एवढ्यावर थांबले तर ठीक. थांबले नाही तर आवाज घोगरा होतो, खोकल्याची ढास लागते, छातीत घरघर सुरू होते. रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे रक्तदाब कोसळतो, मूल पांढरेफटक पडते व शुद्ध हरपते. शंभरांतील दहा-वीस रुग्णांत अंगावर एकही गांध उठत नाही, म्हणून ‘अंगावर काही दिसत नाही’ एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. दमा असलेल्या मुलांना हा धोका विशेष असतो.

किनाऱ्यावरचे अन्न

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते त्या परिसरात, हरिहरेश्वर वसले आहे. श्रीवर्धन तालुक्यातील या गावाची दक्षिण काशी म्हणून ख्याती आहे. मासे, भात, नारळ, सुपारी यांवर जगणारा हा मुलूख. येथील आहारात कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवे यांना मानाचे स्थान आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुका जवळा आणि सोडे घराघरांतून शिजतात. शाळा उघडतात त्याही याच दिवसांत. पोषण आहारात मासे नसतात हे खरे. पण डब्यातले आंबोळी-चटणीचे तुकडे वाटून घेण्याची मुलांची रीत कोणत्या शाळेत नाही? जवळ्याची चटणी खाल्लेला हात धुतला न धुतला, की तोच शेजाऱ्याच्या ताटात जातो.

कोळंबीच्या ॲलर्जीमागचा मुख्य घटक ‘ट्रोपोमायोसिन’ नावाचे प्रथिन आहे, हे दाखवून देण्यात भारतीयांचा वाटा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक सुब्बा राव व त्यांचे सहकारी यांनी हे संशोधन १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. हे प्रथिन उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणजे कोळंबी कितीही उकळली, तळली वा वाळविली, तरी ज्याला बाधायची त्याला ती बाधतेच. ‘नीट शिजवले की काही होत नाही’ हा घरगुती दिलासा येथे कामाचा नाही.

डाळी-उसळींचेही तसेच. पाश्चात्त्य देशांत भुईमुगाच्या दाण्यांचा जेवढा बोभाटा झाला तेवढा हरभऱ्याचा झाला नाही, कारण तो तिकडच्या रोजच्या जेवणात नव्हता. हरभरा हा भारतीय उपखंडातील ॲलर्जीचा एक प्रमुख कारक आहे, याकडे मुंबईतील डॉक्टरांनी २००१ मध्ये लक्ष वेधले. वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख करणे भारतात २०२० च्या विनियमांनी आवश्यक केले आहे. त्यांत गव्हासारखी ग्लूटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यांचा वर्ग, अंडी, मासे, दूध, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि सल्फाइट असे आठ गट आहेत. हरभरा व तीळ त्या यादीत नाहीत. शिवाय शाळेच्या पातेल्यावर वेष्टनही नसते आणि चिठ्ठीही नसते. सोयाबीन पुलाव, अंडा पुलाव, मोडाची उसळ, तांदळाची खीर असे पदार्थ शाळेच्या आहारात आता समाविष्ट झाले आहेत. पूरक आहार म्हणून शेंगदाण्याची चिक्की वा बिस्किटे येतात. संक्रांतीला तिळगूळ वाटला जातो, वाढदिवसाला पेढे येतात. यांतला प्रत्येक पदार्थ मुलांच्या हिताचा अथवा आनंदाचा आहे. कोणा एकाच मुलाला तो घातक असू शकतो, एवढेच लक्षात ठेवायचे आहे.

हरिहरेश्वरला आणखी एका दृष्टीने महत्त्व आहे. देशावरच्या शाळांच्या सहली हिवाळ्यात या किनाऱ्यावर उतरतात. घरी कधी न शिजलेले पदार्थ मुले येथे हौसेने चाखतात. घरातील धुळीत असणारे सूक्ष्म किडे व झुरळे यांच्या अंगीही कोळंबीतील प्रथिनाशी मिळतेजुळते प्रथिन असते. त्यामुळे धुळीची ॲलर्जी असणाऱ्या काही जणांना कोळंबी पहिल्या घासालाच बाधू शकते. आईबाप दोन-अडीचशे किलोमीटर दूर आणि गाव अनोळखी, अशा वेळी चाळीस मुले घेऊन आलेल्या शिक्षकाच्या खिशात प्रत्येक मुलाची माहिती देणारा कागद असणे किती गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

तीस मिनिटे आणि वीस किलोमीटर

हा विकार आपल्याकडे विरळा आहे हे मान्य केले पाहिजे. युरोपीय सहकार्याने झालेल्या एका पाहणीत कर्नाटकातील शाळकरी मुलांमध्ये अन्नाच्या ॲलर्जीचे प्रमाण ०.१४ टक्के, म्हणजे हजारी एक-दोन मुले, इतके अल्प आढळले. हाँगकाँगमध्ये तेच दीड टक्का होते. कर्नाटकातील हेच प्रमाण महाराष्ट्रातील पोषण आहार घेणाऱ्या मुलांना लावून पाहिले तरी ती संख्या दहा हजारांच्या पुढे जाते. दुसऱ्या बाजूने पाहता, साठ मुलांच्या शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकाला उभ्या हयातीत असे मूल दिसणारही नाही. विरळेपणाचा नेमका हाच धोका आहे. साप चावला तर काय करावे याची थोडीफार माहिती कोकणातल्या प्रत्येक शिक्षकाला असते, कारण तो प्रसंग कोठे ना कोठे घडलेला असतो. जे कधी पाहिलेच नाही ते ओळखायचे कसे? अनुभवाची उणीव येथे नोंदीने आणि शिकवणुकीनेच भरून काढावी लागते.

कारण विचार करीत बसायला वेळ नसतो. मँचेस्टरचे डॉ. रिचर्ड पम्फ्री यांनी ब्रिटनमधील ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. अन्नामुळे दगावलेल्यांच्या बाबतीत पदार्थ पोटात गेल्यापासून श्वास वा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यवर्ती अवधी तीस मिनिटांचा होता. हरिहरेश्वरपासून श्रीवर्धनचे शासकीय रुग्णालय अठरा-वीस किलोमीटरवर आहे आणि रस्ता वळणावळणांचा, डोंगराच्या कुशीतून जाणारा आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात धावते आहे व ती बोलावलीच पाहिजे. पण ती येणार, मुलाला घेणार आणि परत जाणार, एवढ्यात ती तीस मिनिटे सहज संपून जातात.

या तीस मिनिटांत आपल्याकडे काय घडते? अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणतात आणि आमसुलाचे पाणी चोळतात. साध्या पित्तावर त्याने गार वाटते, यात वाद नाही. पण श्वासाला धाप लागलेल्या मुलाच्या अंगाला आमसूल चोळत बसणे म्हणजे जीव वाचविण्याची वेळ दवडणे होय. ॲलर्जीची गोळी दिली तरी तिने खाज कमी होते. सुजलेला गळा मोकळा होत नाही की कोसळलेला रक्तदाब वर येत नाही. मुलाला दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर उभे-बसते घेऊन धावणे हेही धोक्याचे. रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला एकाएकी उभे केले तर हृदयाकडे जाणारे रक्त आणखी घटते. त्याला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, धाप असेल तर टेकवून बसवावे, चालवू नये.

खरे औषध एकच आहे आणि ते नवे नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी ॲड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले त्याला सव्वाशे वर्षे होत आली. ते रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते आणि पेशींतून होणारा द्रव्यांचा मारा थोपविते. मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत, वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या मापाने ते टोचावयाचे असते. गरज पडल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी मात्रा पुन्हा देता येते. मूल सावरले तरी त्याला रुग्णालयात न्यावेच लागते, कारण काहींच्या बाबतीत काही तासांनी तीच लक्षणे उलटतात. परदेशांत मुलांजवळ ॲड्रेनलिनची आपोआप टोचली जाणारी लेखणीसारखी सुई असते. ती भारतात सहजी मिळत नाही आणि परदेशातून मागविणे सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचे आहे. काचेच्या लहान कुपीतील तेच औषध मात्र अत्यंत स्वस्त असून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असते.

साधने आहेत, सांधा नाही

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, हे औषध गावापर्यंत आधीच पोहोचलेले आहे. लसीकरणाच्या सत्रात एखाद्या बालकाला लसीमुळे ॲनाफिलॅक्सिस झाल्यास उपयोगी पडावी म्हणून आरोग्यसेविकेने ॲड्रेनलिनची पेटी जवळ बाळगावी आणि प्रसंगी एक मात्रा टोचून मग पुढे पाठवावे, अशी तरतूद आहे. म्हणजे गावात औषध आहे, ते टोचणारा शिकलेला हात आहे, त्या हाताला परवानगीही आहे. फक्त ती लसीपुरती आहे. जे लसीने होते तेच शेंगदाण्याने वा अंड्याने झाले तर तीच पेटी उघडता यावी, एवढा विस्तार करण्यास मोठ्या खर्चाची गरज नाही. शाळेच्या भिंतीवर आरोग्यसेविकेचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असला आणि तिला त्या मुलाचे नाव ठाऊक असले, की वीस किलोमीटरचे अंतर हाकेवर येईल.

नोंदीचीही तीच कथा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमातील वैद्यकीय पथके शाळांतून मुलांची तपासणी करतात. ज्या तीस विकारांसाठी ही तपासणी होते त्यांत दम्याचा समावेश आहे. अन्नाच्या ॲलर्जीचा नाही. पथक शाळेत आलेलेच असते, मूल समोर उभे असते. ‘काही खाल्ल्यावर कधी अंग सुजले होते का, श्वास लागला होता का’ हा आणखी एक प्रश्न विचारायला अर्धे मिनिट पुरे.

‘प्रत्येकाला वेगळे वाढणे शाळेला कसे जमेल?’ असा आक्षेप येईल. पण शाळेला ते जमते, हे सिद्ध झालेले आहे. २०२३ च्या अखेरीस राज्य शासनाने आठवड्यातून एक दिवस अंडे देण्याचे ठरविले, तेव्हा अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा दुसरे फळ द्यावे अशी सोय त्याच निर्णयात होती. २०२५ च्या आरंभी अंड्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद झाला, हा निराळा वाद. त्या निमित्ताने कोण काय खातो हे शाळांनी विचारले आणि त्याप्रमाणे वाढले, ही गोष्ट मात्र शिल्लक उरते. जो श्रद्धेने खात नाही त्याच्यासाठी जी सोय झाली, ती ज्याला खाल्ल्यास मरण येईल त्याच्यासाठी होऊ नये, असे कोण म्हणेल?

कॅनडाच्या ओन्टारियो प्रांतात, दुग्धजन्य पदार्थांची ॲलर्जी असलेल्या एका तेरा वर्षांच्या शाळकरी मुलीचा २००३ मध्ये मृत्यू झाल्यानंतर कायदा करण्यात आला. १ जानेवारी २००६ पासून तेथील प्रत्येक शाळेवर अशा मुलांची नोंद ठेवण्याचे, त्यांच्यासाठी लेखी योजना करण्याचे व शिक्षकांना शिकविण्याचे बंधन आहे. ब्रिटनने १ ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना ॲड्रेनलिनची सुई स्वतःजवळ ठेवण्याची मुभा दिली. याच संदर्भात २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केलेली शिफारस आपल्याला विशेष मार्गदर्शक आहे. एखाद्या पदार्थावर सबंध शाळेत बंदी घालण्यापेक्षा कर्मचाऱ्यांना शिकविणे, लेखी योजना ठेवणे आणि औषध हाताशी असणे यांवर त्यांनी भर दिला. आपल्या शाळांना हा विचार अधिकच लागू पडतो. येथे अंडे, सोयाबीन आणि शेंगदाणे ही कित्येक गरीब मुलांच्या प्रथिनांची मुख्य शिदोरी आहे. एका मुलाच्या रक्षणासाठी एकोणसाठ मुलांच्या तोंडचा घास काढणे न्याय्य नाही आणि आवश्यकही नाही.

शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा डोंगर आहे, ही तक्रार रास्त आहे. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या स्वयंपाकी बाईंकडून वैद्यकीय ज्ञानाची अपेक्षा धरणेही योग्य नाही. म्हणूनच मागणी माफक हवी. प्रवेशाच्या वेळी पालकांना विचारलेला एक प्रश्न. ज्याचे उत्तर होकारार्थी आले त्याच्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा एक कागद, त्यावर मुलाचे छायाचित्र, वर्ज्य पदार्थ, लक्षणे आणि करावयाची कृती. त्याची एक प्रत स्वयंपाकघरात, एक वर्गात व एक आरोग्यसेविकेकडे. त्या मुलाचे ताट आधी, स्वच्छ पळीने वाढण्याची सवय. आणि जून महिन्यात आरोग्यसेविकेने शिक्षकांना व स्वयंपाकी बाईंना दिलेला तासाभराचा धडा. एवढ्याने पुष्कळ साधेल. ही तयारी केवळ अन्नापुरती उपयोगी पडेल असेही नाही. गांधीलमाशीच्या दंशाने किंवा औषधाच्या प्रतिक्रियेने हाच प्रसंग ओढवतो आणि त्यावरचा इलाजही हाच असतो.

ही अपेक्षा भाबडी नाही, याची साक्ष रायगड जिल्ह्यानेच दिली आहे. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचवाच्या दंशाने मरणारी मुले पाहिली. लाल विंचू चावला की मृत्यू अटळ, अशी त्या काळी लोकांची समजूत होती. डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांची बारकाईने नोंद केली, रक्तदाबावरील ‘प्राझोसिन’ ही साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली, आपले निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले आणि गावोगावच्या डॉक्टरांना ते शिकविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन शासनाने या कार्याचा गौरव केला. विंचवाचे विष आणि अन्नाची ॲलर्जी हे विकार भिन्न आहेत, औषधेही भिन्न आहेत. पण नोंद, स्वस्त औषध आणि वेळेवर केलेली धावाधाव यांच्या बळावर मरण परतविता येते, हे याच जिल्ह्याच्या मातीत सिद्ध झालेले आहे.

एका गोष्टीचे भान मात्र या सर्व खटाटोपात सुटता कामा नये. काळजीच्या पोटी त्या मुलाला बाजूला, दाराशी, एकटे बसवून जेवू घालण्याचा सोपा मार्ग शाळांना सुचेल. आपल्या समाजात वेगळ्या बसविलेल्या पंगतीला फार जुना आणि कडवट अर्थ आहे. मुले तो चटकन ओळखतात आणि त्यावरून चिडवितातही. असे मूल दुसऱ्या वेळी आपले वावडे लपवील, आणि लपविलेले वावडे सर्वांत घातक असते. त्याच्या शेजाऱ्यांनाच विश्वासात घेऊन ‘याला हे द्यायचे नाही, आणि याला बरे वाटेनासे झाले तर धावत येऊन सांगायचे’ असे समजावले, तर तीच मुले त्याचे पहिले रक्षक होतील. त्याच्या पानावर वाढलेले वेगळे असो. पंगत मात्र सर्वांची एकच असली पाहिजे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा प्रवेशाच्या अर्जावर एक ओळ वाढवावी आणि ती प्रत्येक पालकाला वाचून दाखवावी. या कामाला मुहूर्त एवढ्यानेच लागेल.